हातांना ठाऊक, डोळ्यांना अनोळखी

डोळ्यांची शस्त्रक्रिया होऊन दोन दिवसही उलटलेले नाहीत अशा मुलाच्या हातात एक ठोकळा दिला जातो. तो त्याच्या नजरेला पडणार नाही याची काळजी घेतलेली असते. मूल ठोकळा चाचपून बघतं. कडा कुठे वळतात, खाच कुठे आहे, कुठला भाग बाहेर आलाय हे बोटांनी तपासतं. जन्मापासून जग असंच ओळखत आल्यामुळे या कामात त्याचे हात तरबेज असतात. मग ठोकळा बाजूला घेतात आणि पांढऱ्या पार्श्वभूमीवर दोन ठोकळे समोर ठेवतात. आता हात लावायचा नाही, नुसतं बघायचं. मघाशी हातात होता तो यातला कुठला?

हे प्रकरण दिल्लीचं आहे. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये मेंदू आणि दृष्टी यांचा अभ्यास करणारे पवन सिन्हा यांनी ‘प्रोजेक्ट प्रकाश’ हा उपक्रम सुरू केला. दिल्लीचं डॉ. श्रॉफ्स चॅरिटी आय हॉस्पिटल त्यात सोबत होतं. जन्मतः अंध आहेत पण उपचारांनी दृष्टी येऊ शकेल अशी मुलं उत्तर भारतातल्या गावांमधून शोधायची, त्यांच्यावर उपचार करायचे आणि दिसायला लागल्यावर ती काय शिकतात, कोणत्या क्रमाने शिकतात हे नोंदवायचं, असं त्याचं स्वरूप. ठोकळ्यांचा हा प्रयोग २०११ मध्ये ‘नेचर न्यूरोसायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

डी.एड.च्या वर्गात बालविकासाचे सिद्धांत शिकवताना मी हे प्रकरण आवर्जून घेते. पियाजे, गिब्सन, गेस्टाल्ट ही नावं पाठ करून परीक्षेत मार्क मिळतात, पण ती एकमेकांशी कशावरून भांडतात हे कळत नाही. इथे ते भांडण एका टेबलावर येऊन उभं राहतं. आणि त्यातून निघालेलं उत्तर ज्या मुलांच्या डोळ्यांवर आजही उपचार व्हायचे आहेत, त्यांच्या आयुष्याशी थेट जोडलेलं आहे.

मुलं आणि चाचणी

प्रयोगात पाच जण होते, वयं ८ ते १७. चौघांना जन्मजात मोतीबिंदू होता, एकाच्या डोळ्यांचा पारदर्शक पडदा जन्मतः अपारदर्शक होता. उपचारांपूर्वी सगळ्यांना उजेड आणि अंधार यातला फरक कळायचा. त्यातल्या दोघांना प्रखर उजेड कुठल्या दिशेने येतोय तेही सांगता यायचं. आकार मात्र कुणालाच ओळखता येत नव्हता. मोतीबिंदू असलेल्यांमध्ये गढूळ भिंग काढून कृत्रिम भिंग बसवण्यात आलं. पहिल्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर ४८ तासांच्या आत चाचणी झाली, कारण बघण्याचा सराव होण्याआधी काय होतं हेच तर जाणून घ्यायचं होतं.

ठोकळ्यांच्या २० जोड्या होत्या, मुलांच्या खेळण्यातल्या असतात तशा. आकाराने पुरेशा मोठ्या ठेवल्या होत्या. नवी नजर अजून धूसर असते आणि त्या धूसरपणामुळे चूक झाली तर निष्कर्षाला काही अर्थ राहत नाही. चाचणीचे प्रकार तीन. पहिल्यात ठोकळा हाताने बघायचा आणि हातानेच ओळखायचा. दुसऱ्यात डोळ्यांनी बघायचा आणि डोळ्यांनीच ओळखायचा. तिसऱ्यात हाताने बघायचा आणि डोळ्यांनी ओळखायचा.

पहिले दोन प्रकार कशासाठी, हा प्रश्न वर्गात हमखास येतो, आणि त्यावर वेळ द्यायला हवा. समजा फक्त तिसरा प्रकार घेतला आणि मूल चुकलं. त्याला खेळच कळला नसेल, ठोकळा लक्षात राहिला नसेल किंवा समोरचे दोन ठोकळे त्याला वेगवेगळे दिसलेच नसतील. हाताकडून हाताकडे या प्रकाराने पहिल्या दोन शंका मिटतात आणि डोळ्यांकडून डोळ्यांकडे या प्रकाराने तिसरी. हे दोन्ही जमतं आणि तरीही हाताकडून डोळ्यांकडे जाणं जमत नाही, असं झालं तरच अडचण त्या दोघांमधल्या वाटेत आहे असं म्हणता येतं.

निकाल असे लागले. हाताकडून हाताकडे ९८ टक्के बरोबर. डोळ्यांकडून डोळ्यांकडे ९२ टक्के. हाताकडून डोळ्यांकडे ५८ टक्के. दोनच पर्याय असल्यामुळे डोळे मिटून अंदाजाने बोट दाखवलं तरी ५० टक्के उत्तरं बरोबर येणारच. म्हणजे तिसऱ्या प्रकारात मुलं जवळपास अंदाजच करत होती. हाताला तो ठोकळा पक्का ठाऊक होता, डोळ्यांना तो इतर ठोकळ्यांपासून वेगळा दिसत होता, तरी हा तोच आहे हे उमगत नव्हतं.

तीन शतकं जुनं कोडं

हा प्रश्न पहिल्यांदा विचारला तो डब्लिनच्या विल्यम मोलिन्यू यांनी. १६८८ मध्ये त्यांनी तत्त्वज्ञ जॉन लॉक यांना तो पत्रातून कळवला आणि लॉक यांनी आपल्या ग्रंथाच्या १६९४ च्या दुसऱ्या आवृत्तीत तो घेतला. जन्मांध माणसाला स्पर्शाने घन आणि गोल ओळखता येतो. त्याला अचानक दिसू लागलं, तर हात न लावता कुठला घन आणि कुठला गोल हे त्याला सांगता येईल का? मोलिन्यू यांच्या स्वतःच्या पत्नीची दृष्टी गेलेली होती, त्यामुळे हा प्रश्न त्यांच्यासाठी निव्वळ बौद्धिक नसावा असं मला वाटतं. लॉक यांचं उत्तर होतं, नाही येणार. स्पर्शाचा गोल आणि नजरेचा गोल यांची सांगड अनुभवातूनच बसते. जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझ यांनी उलट बाजू घेतली. समोर एक घन आणि एक गोल आहे एवढं त्या माणसाला आधी सांगितलं, तर भूमितीच्या आधारे तो ओळखेल असं त्यांचं म्हणणं. घनाला कोपरे असतात, गोलाला नसतात, आणि कोपरा हाताला लागो की डोळ्यांना दिसो, तो कोपराच.

१७२८ मध्ये लंडनचे शल्यचिकित्सक विल्यम चेसेल्डन यांनी तेराएक वर्षांच्या एका मुलाच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचा वृत्तांत प्रसिद्ध केला. वस्तू जशा कातडीला लागतात तशाच त्या आपल्या डोळ्यांना चिकटल्यात, असं त्या मुलाला सुरुवातीला वाटायचं. मांजर कुठलं आणि कुत्रा कुठला हे तो पुन्हा पुन्हा विसरायचा आणि सारखं विचारायची त्याला लाज वाटायची. एकदा त्याने मांजराला पकडलं, स्पर्शाने ओळखलं, त्याच्याकडे एकटक पाहिलं आणि खाली सोडताना म्हणाला, मनीबाई, आता पुढच्या वेळी मी तुला ओळखेन. चित्रं ही घन वस्तूंची असतात हे उमगायला त्याला दोनेक महिने लागले. या एका मांजरावर तत्त्वज्ञांनी पुढे पुष्कळ वाद घातला, पण एका मुलाच्या एका वृत्तांतावरून निकाल लागत नसतो. शिवाय तेव्हाच्या शस्त्रक्रियेनंतर डोळा कितपत स्वच्छ बघत असेल, हीही शंका होतीच.

बाळांबद्दलचा वाद

विसाव्या शतकात हे कोडं बालविकासाच्या अभ्यासात आलं, कारण प्रत्येक नवजात बाळ याच स्थितीत असतं. त्याला आईचा चेहरा दिसतो, आवाज ऐकू येतो, स्पर्श जाणवतो. हे सगळं एकाच आईचं आहे हे त्याला जन्मतः ठाऊक असतं की शिकावं लागतं?

स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांचं उत्तर ‘शिकावं लागतं’ असं होतं. संवेदन-कारक अवस्थेच्या, म्हणजे त्यांनी मांडलेल्या विकासाच्या पहिल्या टप्प्याच्या, सुरुवातीला बाळाचं बघणं, चोखणं आणि धरणं आपापल्या जागी स्वतंत्र चालू असतं. हात चुकून डोळ्यांसमोर येतो, बाळ त्याकडे बघत राहतं, पण तो हलवणारे आपणच हे त्याला कळत नाही. चारपाच महिन्यांच्या सुमारास दिसलेल्या वस्तूकडे हात जायला लागतो आणि बघण्याचं जग व धरण्याचं जग एकत्र येतं. ही सांगड बाळ स्वतःच्या कृतीतून घालतं, ती कुणी त्याला आयती देत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एलिनॉर आणि जेम्स गिब्सन यांची मांडणी वेगळी होती. कडा, खडबडीतपणा, लय यांची माहिती मुळातच एका इंद्रियाची नसते, ती जगात असते. बाळाला ती जोडावी लागत नाही, फक्त अधिकाधिक बारकाईने वेचायला शिकावी लागते.

१९७९ मध्ये अँड्र्यू मेल्ट्झॉफ आणि रिचर्ड बोर्टन यांनी सरासरी २९ दिवसांच्या बाळांना चोखणी दिली, काहींना गुळगुळीत, काहींना उंचवट्यांची. नंतर दोन्ही प्रकार समोर धरले तेव्हा बाळं आपण चोखलेल्या प्रकाराकडे जास्त वेळ बघत राहिली. पियाजेंचा सिद्धांत कोसळला असा गाजावाजा झाला. पुढे १९९९ मध्ये डॅफ्नी मॉरर आणि सहकाऱ्यांनी तोच प्रयोग पुन्हा करून पाहिला तेव्हा हा परिणाम हाती लागला नाही. वाद तिथेच अडकला. बाळ बोलत नाही, ठोकळा निवडून दाखवत नाही, त्याच्या बघण्याच्या सेकंदांवरून सगळा तर्क करावा लागतो.

दिल्लीच्या मुलांचं महत्त्व इथे आहे. ती आठ-दहा-पंधरा वर्षांची होती. भाषा, स्मरण, तर्क सगळं तयार होतं आणि नजर तेवढी कोरी होती. तरी हात आणि डोळे यांची सांगड आपोआप बसली नाही. पहिल्या ४८ तासांपुरतं बोलायचं तर लॉक बरोबर ठरले आणि ‘जगातली माहिती एकच, ती वेचायची’ ही गिब्सन यांची बाजू अडचणीत आली.

पाच दिवस

पण शोधनिबंध तिथे संपत नाही, आणि मला त्याचा पुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो. ज्या मुलांची काही दिवसांनी पुन्हा चाचणी घेता आली, त्यांना आता हाताने पाहिलेला ठोकळा डोळ्यांनी ओळखता येऊ लागला होता. यासाठी लागलेला कमीत कमी काळ होता ५ दिवस. मधल्या काळात या कामाचा वेगळा सराव दिलेला नव्हता. मुलं जेवत होती, चालत होती, वस्तू उचलत होती, म्हणजे रोजचंच जगत होती.

पाच दिवसांत एवढी मजल लॉक यांच्या मांडणीतून सहज निघत नाही. प्रत्येक आकाराची स्पर्श-नजर जोडी एकेक करून पाठ करायची असती तर एवढ्यात ते शक्य नव्हतं. काहीतरी रचना आधीपासून तयार असणार, आणि तिला चालना मिळायला हात आणि डोळे एकाच वस्तूवर एकाच वेळी पडण्याचा थोडासा अनुभव पुरत असणार. या निबंधाचे पहिले लेखक रिचर्ड हेल्ड. त्यांनीच १९६३ मध्ये अ‍ॅलन हाइन यांच्यासोबत मांजराच्या पिलांवर एक प्रयोग केला होता. दोन पिलं एका फिरत्या दांड्याला जोडलेली, एक स्वतःच्या पायांनी चालणारं, दुसरं टोपलीत बसून तेवढंच फिरणारं. दोघांना दिसत होतं तेच, पण टोपलीतल्या पिलाला पुढे नजरेच्या आधाराने पाय टाकणं जमेना. नुसतं दिसण्याने नजर तयार होत नाही, हालचाल करत बघावं लागतं. दिल्लीतल्या पाच दिवसांत कृतीचा वाटा किती हे या प्रयोगातून वेगळं काढता येत नाही, पण पियाजेंच्या बाजूने माझा कौल जातो तो इथे.

एक आक्षेप गांभीर्याने घ्यायला हवा. तत्त्वज्ञ जॉन श्वेंकलर यांनी २०१२ मध्ये तो मांडला. डोळ्यांकडून डोळ्यांकडे ९२ टक्के बरोबर, एवढ्यावरून मुलांना ठोकळ्याचा घन आकार दिसत होता असं सिद्ध होत नाही. एखादी ठळक रेघ, एखादा कोपरा लक्षात ठेवूनही तेच चित्र पुन्हा ओळखता येतं. आकारच दिसत नसेल तर तो हाताच्या आकाराशी जुळवणार कसा? मुलांना ठोकळ्याभोवती फिरू द्या किंवा घन वस्तूंऐवजी उठावाचे सपाट आकार द्या, असं त्यांनी सुचवलं. आक्षेप मला रास्त वाटतो. मात्र त्याने प्रकरणाचा गाभा हलत नाही, उलट प्रश्न आणखी खोल जातो. नव्या डोळ्यांना नेमकं दिसतं तरी काय?

वस्तू कुठे सुरू होते, कुठे संपते

याचं उत्तर त्याच उपक्रमातल्या २००९ च्या अभ्यासात मिळतं. युरी ऑस्ट्रोव्हस्की, सिन्हा आणि सहकाऱ्यांनी तिघांना तपासलं. ७ वर्षांचं एक मूल, १३ वर्षांचं दुसरं, आणि एक २९ वर्षांचा माणूस, ज्याच्या डोळ्यांत जन्मतः भिंगच नव्हतं आणि ज्याला योग्य चष्मा इतक्या उशिरा मिळाला.

त्यांना एक चौकोन आणि त्यावर अर्धवट चढलेलं एक वर्तुळ अशी रेघांची आकृती दाखवली. आपल्याला त्यात दोन वस्तू दिसतात. त्यांना एकमेकांवर चढलेला भागसुद्धा एक वेगळी वस्तू वाटायची, कारण त्याला स्वतःची बंद कड होती. छायाचित्रांमध्येही हेच. रंग बदलला, उजळपणा बदलला की तिथे नवी वस्तू सुरू. कुठल्या कडा एकत्र घ्यायच्या आणि कुठल्या सोडायच्या याचा काहीच धागा त्यांच्या हाती नव्हता. सलग जाणारी रेघ एकाच वस्तूची असते, सारख्या दिसणाऱ्या गोष्टी एकत्र असतात, हे १९२३ मध्ये माक्स वेर्टहायमर यांनी मांडलेले गेस्टाल्टचे, म्हणजे सुट्या तुकड्यांतून एक सबंध आकार कसा दिसतो याचे, नियम. आपल्याला ते इतके सहज वाटतात की ते शिकावे लागत असतील असं मनातही येत नाही. या तिघांना ते लागू करता येत नव्हते.

मग तेच आकार हलवून दाखवले, आणि चित्र बदललं. चौकोन एका दिशेने आणि वर्तुळ दुसऱ्या दिशेने सरकू लागताच वस्तू दोनच आहेत हे त्यांना सांगता येऊ लागलं. जे एकत्र हलतं ते एका वस्तूचं, हा धागा त्यांच्याकडे होता. पुढे दहा ते अठरा महिन्यांनी त्यांना पुन्हा तपासलं तेव्हा स्थिर चित्रांतल्या वस्तूही बऱ्याच प्रमाणात वेगळ्या काढता येऊ लागल्या होत्या. हालचालीने आधी वस्तू वेगळी केली आणि त्या वस्तूची रेघ, रंग, पोत मागाहून शिकता आले, असा याचा अर्थ लावता येतो.

आता याच्या शेजारी बाळांचा एक प्रयोग ठेवा. १९८३ मध्ये फिलिप केलमन आणि एलिझाबेथ स्पेल्की यांनी चार महिन्यांच्या बाळांना एका ठोकळ्यामागे अर्धवट झाकलेली काठी दाखवली, वरचं टोक आणि खालचं टोक तेवढं दिसेल अशी. दोन्ही टोकं एकत्र हलत असली तर बाळं ती एक सलग काठी धरायची. मागाहून मधून तुटलेली काठी दाखवली की नवल वाटल्यासारखी जास्त वेळ बघत राहायची. काठी स्थिर असली तर असा फरक पडायचा नाही. १९९० मध्ये अ‍ॅलन स्लेटर यांनी नवजात बाळांवर हेच केलं तेव्हा त्यांना हलती काठीही सलग वाटत नसल्याचं दिसलं. म्हणजे जन्मतः हा धागा हाती नसतो, पहिल्या काही महिन्यांत हालचालीतून तो गवसतो, आणि स्थिर चित्राचे नियम त्यानंतर येतात.

चार महिन्यांचं बाळ, सात वर्षांचं मूल आणि एकोणतीस वर्षांचा माणूस. क्रम तोच. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सर्वांत मोठी गोष्ट ही आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांत विकासाच्या टप्प्यांसमोर वयं छापलेली असतात, आणि ती वाचून शिक्षक समजतात की वय झालं की टप्पा येतो. इथे वय निघून गेलं, तरी टप्पे आपल्या जागी थांबून राहिले. अनुभव सुरू झाला तेव्हा ते आपल्या ओळीने आले. क्रम बघण्याचा आहे, कॅलेंडरचा नाही.

जे शिकावं लागत नाही

एवढं वाचून सगळंच अनुभवातून येतं असं वाटू लागतं, आणि तिथे २०१५ चा अभ्यास वाट अडवतो. सारख्या लांबीच्या दोन रेघा, एकीच्या टोकांना आत वळलेले बाण, दुसरीच्या टोकांना बाहेर उघडलेले. दुसरी रेघ लांब वाटते. हा म्युलर-लायर भ्रम. तसाच पोंझो भ्रम, दूर जाणाऱ्या रुळांसारख्या दोन रेघांमध्ये ठेवलेल्या सारख्याच आडव्या रेघांपैकी वरची मोठी वाटते. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड ग्रेगरी यांच्या स्पष्टीकरणानुसार खोल्यांचे कोपरे, रस्ते, अंतरं पाहून पाहून मेंदूला लागलेल्या सवयीमुळे हे भ्रम होतात. चौकोनी घरांच्या जगात वाढलेल्यांना ते जास्त होतात असंही १९६६ मध्ये सेगल, कॅम्पबेल आणि हर्सकोव्हित्स यांनी अनेक समाजांची तुलना करून मांडलं होतं.

प्रोजेक्ट प्रकाशमध्ये ८ ते १६ वर्षांच्या ९ मुलांना शस्त्रक्रियेनंतर लगेच हे भ्रम दाखवले. ज्यांनी आयुष्यात कधी खोलीचा कोपरा पाहिला नव्हता किंवा दूर जाणारा रस्ता पाहिला नव्हता, त्या मुलांनाही तेच भ्रम झाले, आपल्यासारखेच. सवयीचं स्पष्टीकरण निदान या दोन भ्रमांपुरतं टिकत नाही. नजरेच्या यंत्रणेत काही गोष्टी पहिल्या उजेडापासून चालू असतात. ज्या मुलाला वर्तुळ आणि चौकोन वेगळे काढता येत नाहीत, त्यालाच दोन रेघांची लांबी मात्र आपल्यासारखीच चुकते, हे मला अजूनही थक्क करतं. जन्मजात की शिकलेलं, असा सरसकट प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. प्रत्येक क्षमतेला तो वेगळा विचारावा लागतो.

२०२४ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या अभ्यासाने याला आणखी एक बाजू जोडली. उशिरा दृष्टी मिळालेल्या मुलांना रंगीत छायाचित्रातल्या वस्तू ओळखता येतात, तीच छायाचित्रं कृष्णधवल केली की त्यांची ओळख बरीच घसरते. नजर असलेल्या मुलांना एवढा फरक पडत नाही. संशोधकांची मांडणी अशी की नवजात बाळाची रंगदृष्टी अपुरी असते, त्यामुळे त्याचा मेंदू आधी उजेड-सावलीवर विसंबायला शिकतो आणि रंग नंतर येतात. उशिरा डोळे मिळालेल्या मुलांना रंग पहिल्या दिवसापासून मिळतात आणि ती त्यांच्यावरच भिस्त ठेवतात. बाळाच्या डोळ्यांची ती अपुरी अवस्था म्हणजे उणीव नाही, ती शिकण्याच्या क्रमाचाच भाग आहे.

काही नुकसान मात्र भरून येत नाही, हेही सांगायलाच हवं. उशिरा उपचार झालेल्या या मुलांची बारीक बघण्याची क्षमता कायमची कमी राहते. चेहऱ्यांच्या बाबतीत तर, जन्मजात मोतीबिंदू पहिल्या काही महिन्यांतच काढलेल्या लोकांनाही नाक-डोळ्यांमधल्या अंतरांचे सूक्ष्म फरक ओळखायला पुढे अनेक वर्षांनी जड जातं, असं कॅनडातल्या मॉरर आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवलं.

‘आता उशीर झाला’

हे प्रकरण माझ्या दृष्टीने नुसता सिद्धांत राहत नाही ते यामुळे. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल यांनी साठच्या दशकात मांजराच्या पिलांचा एक डोळा सुरुवातीचे काही महिने शिवून ठेवला. उघडल्यावर त्या डोळ्याकडून येणाऱ्या संदेशांना मेंदूच्या दृष्टी-भागात जवळपास जागाच उरली नव्हती. मोठ्या मांजरांवर तसा परिणाम झाला नाही. १९८१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं आणि ‘निर्णायक काळ’, म्हणजे एखादी क्षमता घडण्याची ठराविक मुदत, ही संकल्पना पाठ्यपुस्तकांत पक्की झाली. सातआठ वर्षांच्या पुढच्या जन्मांध मुलावर शस्त्रक्रिया करून फारसा उपयोग नाही, मेंदूच बघायला शिकणार नाही, असा त्यातून अर्थ काढला गेला आणि मोठ्या मुलांवर शस्त्रक्रिया करायला डॉक्टर कचरू लागले. खरं तर याच दोघांनी १९६५ मध्ये दोन्ही डोळे मिटून ठेवले तर परिणाम अपेक्षेपेक्षा सौम्य होतो हेही प्रसिद्ध केलं होतं. एका डोळ्याची गोष्ट दोन्ही डोळ्यांना आणि डोळ्यांची गोष्ट सगळ्या बघण्याला लावणं हे सिद्धांताच्या पलीकडे जाणं होतं. त्याची किंमत ज्या घरांतली मुलं परत पाठवली गेली, त्यांनी मोजली.

दिल्लीतल्या मुलांनी ती समजूत खोडून काढली. पूर्ण दृष्टी नाही, पण आकार, वस्तू, चालण्याची वाट, ओळखीच्या वस्तू एवढं बघणं ८ व्या, १३ व्या, १७ व्या वर्षीही शिकता येतं.

अर्थात लवकर उपचार हाच सर्वांत चांगला. दोन्ही डोळ्यांत दाट मोतीबिंदू असेल तर तो पहिल्या दोनेक महिन्यांत काढणं इष्ट मानतात. आपल्याकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ मध्ये पालघरमधूनच झाली. त्याच्या यादीत जन्मजात मोतीबिंदू आहे, त्याची पथकं अंगणवाड्यांमध्ये वर्षातून दोनदा आणि शाळांमध्ये एकदा जातात, आणि वयाची मर्यादा १८ आहे. गरोदरपणात सुरुवातीला रुबेला झाल्यास बाळाला मोतीबिंदू होऊ शकतो हे १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियात नॉर्मन ग्रेग यांनी दाखवलं होतं. महाराष्ट्रात २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये गोवर-रुबेला लसीकरणाची मोठी मोहीम झाली तिचं एक कारण हेही. बाळाच्या बाहुलीत पांढरेपणा दिसला, ते उजेडाकडे बघत नसेल किंवा डोळे सारखे थरथरत असतील, तर अंगणवाडीताईंनी ‘मोठं झाल्यावर बघू’ असं म्हणू देऊ नये.

आणि उशिरा शस्त्रक्रिया झालेलं मूल वर्गात आलं तर? शिक्षकांना मी सांगते ते वरच्या प्रयोगांतूनच निघतं. फळ्यावरचं स्थिर चित्र त्याच्यासाठी सर्वांत अवघड, म्हणून सुरुवात तिथून करू नका. वस्तू त्याच्या हातात द्या आणि तीच डोळ्यांसमोर हलवा, त्यालाच हलवू द्या. चित्र दाखवायचं तर आधी रंगीत दाखवा, झेरॉक्स नको. ब्रेल लगेच बंद करू नका. वाचन अजून त्याच्या बोटांत आहे, आणि डोळ्यांना अक्षरं येईपर्यंत त्याचा अभ्यास त्या बोटांवरच चालायचा आहे.